जुन्या मोटारीचा जोर आणि भरवसा

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ‘प्रीमियर पद्मिनी’ची काळीपिवळी टॅक्सी धावणे थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती, आणि तिचीही मुदत संपली. वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. खाजगी पद्मिनी मात्र गेलेली नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे येथील कितीतरी वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात, ताडपत्रीखाली का होईना, ती अजून उभी आहे. काही घरांत ती दसऱ्याला झेंडूची माळ घालून बाहेर निघते, तर काही घरांत आजही बाजारहाट करते.

या गाडीचे मराठी मुलखाशी असलेले नाते टॅक्सीपुरते नाही. सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने देशातच बनावीत असा ध्यास घेतला होता. त्यातील मोटारीचे स्वप्न म्हणजे १९४४ साली स्थापन झालेली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्या जोडून बाहेर पडल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ साली निवर्तले. त्यांच्यामागे कारखान्याने फियाट अकराशे घरोघर पोहोचवली, सत्तरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि शतक पालटेपर्यंत तिचे उत्पादन चालले. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर गाडी दारात येई. साहजिकच ती विकत घेतलेली वस्तू न राहता घरातील एक माणूस होऊन बसली.

अशा गाड्यांपुढे आता एक नवाच प्रश्न आला आहे. नातू आजच्या गाडीवर गाडी चालवायला शिकलेला असतो. तो पद्मिनी महामार्गावर नेतो, तेव्हा मालाने भरलेला ट्रकसुद्धा भोंगा वाजवून पुढे निघून जातो. घरी आल्यावर तो म्हणतो, “आजोबा, गाडी छान आहे, पण हिला पिकअपच नाही. इंजिनाचे थोडे काम करून घेऊ या का?” आजोबांचे उत्तर ठरलेले असते : “अरे, चाळीस वर्षांत हिने एकदाही वाटेत सोडले नाही. तू हिला काय शिकवणार?”

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद केवळ हौसेचा राहत नाही. गाडीत बसणार आहे ते सगळे घर. महामार्गावर फार मंद वाहन हा धोका आहे आणि घाटात तापून बंद पडणारे वाहनही धोकाच आहे. शिवाय मूळ इंजिनाचा ब्लॉक एकदा मर्यादेबाहेर बोअर केला की तो पूर्वीसारखा करता येत नाही. त्यामुळे जोर वाढवावा की भरवसा राखावा, याचा विचार वर्कशॉपची पायरी चढण्यापूर्वीच करायला हवा.

चाळीस अश्वशक्तींचा हिशेब

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, असे चार सिलिंडर. त्यातून मिळते सुमारे ४० अश्वशक्ती आणि ती ओढते जवळजवळ ९०० किलोंचा डोलारा. आजच्या लहानात लहान मोटारीचे आकडे समोर ठेवले तर हे फारच तोकडे वाटते. पण हे इंजिन त्या चाळिसांच्या मापाने बनवलेले होते आणि त्याच्याभोवतीची प्रत्येक वस्तू, म्हणजे रेडिएटर, क्लच, गिअरपेटी, मागचा धुरा, ब्रेक, हीसुद्धा त्याच मापाची होती.

जोर वाढतो म्हणजे नेमके काय होते? पेट्रोलमध्ये असलेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकाकडे जाणाऱ्या कामात बदलते, आणि जुन्या इंजिनात तेवढीही नाही. उरलेली उष्णता होऊन धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर पडते. म्हणजे इंजिनाकडून जितके अधिक काम घ्यावे तितकी अधिक उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागते. जुन्या गाडीचा रेडिएटर चाळीस वर्षांच्या क्षाराने निम्मा बुजलेला असतो. मूळ चाळीस अश्वशक्तींची उष्णताच त्याला झेपत नाही, मग पंचावन्नांची कोठून झेपणार! खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थांबलेल्या फियाट आणि अँबॅसडर ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ती ओढता येत नसे.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. अधिक जोर मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे इंजिन अधिक वेगाने फिरवणे. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावर जडत्वाने येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ५००० ऐवजी ६००० फेरे घेतले तर फेरे वाढतात २० टक्क्यांनी, पण ताण वाढतो ४४ टक्क्यांनी. या इंजिनाचा क्रँक तीनच मेन बेअरिंगांवर तोललेला आहे. आधुनिक चार सिलिंडरांच्या इंजिनात बहुधा पाच असतात.

हा फरक इतिहासानेही दाखवून दिला आहे. अँबॅसडरमध्ये जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते ते मूळचे इंग्लंडच्या बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतील. अँबॅसडरमध्ये ते सुमारे ५० अश्वशक्ती देई. त्याच घराण्यातील इंजिन १७९८ घनसेंटिमीटरपर्यंत वाढवून, दोन कार्बोरेटर जोडून कंपनीने १९६२ साली एमजीबी या स्पोर्ट्‌स मोटारीत बसवले आणि सुमारे ९५ अश्वशक्ती मिळवली. प्रारंभी त्यातही तीनच मेन बेअरिंगे होती. दोनच वर्षांत, १९६४ च्या अखेरीस, कंपनीने क्रँकची रचना बदलून ती पाच केली. ज्यांनी इंजिन घडवले त्यांनाही वाढलेल्या जोराखाली खालचा आधार भक्कम करावा लागला. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये फक्त वरचा भाग बदलून खालचा तसाच ठेवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

हेडचे फेसिंग

जोर वाढवण्याच्या जुन्या युक्त्यांपैकी एक म्हणजे हेडचा तळ घासून ज्वलनकक्ष लहान करणे, म्हणजेच कंप्रेशन वाढवणे. हिशेबाने पाहता कंप्रेशनचे प्रमाण साडेसातच्या आसपासून साडेआठवर नेले तर सैद्धांतिक लाभ पाच टक्क्यांहून कमीच. चाळीस अश्वशक्तींत दोनाची भर. त्या दोहोंसाठी पत्करायची जोखीम मात्र मोठी आहे. दाब वाढला की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटू लागते, इंजिन नॉक करते, आणि हा खडखडाट चढावर, भरल्या गाडीत, तापलेल्या इंजिनात सर्वांत अधिक होतो. पिस्टनचा माथा वितळणे किंवा रिंगांमधील कडा तुटणे हा त्याचा शेवट असू शकतो.

आणि यात एक गंमत आहे, किंवा गंमत म्हणू नये अशी गोष्ट आहे. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे व ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गाडी एकदा खूप तापली की हेड वाकते, गॅस्केट जाते आणि मिस्त्री हेड सपाट करण्यासाठी ‘फेसिंग’ करून आणतो. प्रत्येक फेसिंगमध्ये थोडी धातू जाते आणि कंप्रेशन थोडे वाढते. चाळीस वर्षांच्या गाडीचे हेड असे किती वेळा घासले गेले आहे, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. म्हणजे ज्या इंजिनाचे कंप्रेशन वाढवावे असा विचार चालला आहे ते कदाचित आधीच वाढलेले असते, कोणी न मागता. म्हणून अशा कोणत्याही कामाच्या आधी हेडची जाडी मोजून घ्यावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कुठलाही जाणता टर्नर हे काम चहा निवण्याच्या आत करून देईल.

ब्लॉक बोअर करण्याबद्दलही तोच गैरसमज आहे. ‘बोअर वाढवला की गाडी पळते,’ असे म्हणतात. ६८ मिलिमीटरचा बोअर पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी इंजिन १०८९ चे सुमारे ११२२ घनसेंटिमीटर होते, म्हणजे तीन टक्के वाढ. बोरिंगनंतर गाडी पळते हे खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे : झिजलेला, अंडाकृती झालेला सिलिंडर पुन्हा गोल झाला आणि नव्या रिंगांनी गळणारा दाब अडवला. गाडीला मिळाले ते तिचेच हरवलेले होते. शिवाय प्रत्येक बोरिंगमध्ये भिंत पातळ होते. ब्लॉकला किती वेळा बोअर घेता येईल याला मर्यादा आहे, आणि पुढे स्लीव्ह बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हौसेसाठी एक मिलिमीटर खर्च करणे म्हणजे पुढच्या पिढीचा एक डाव आजच खेळून टाकणे होय.

कॅमशाफ्ट बदलण्याचा मोह तरुणांना फार. व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांत जोर देतो खरा, पण तो जोर खालच्या फेऱ्यांतून काढून घेतलेला असतो. इंजिन संथ चालताना थरथरते आणि चौकातून उचलताना गाडी गुदमरते. पुण्याच्या वाहतुकीत किंवा चार माणसे व सामान घेऊन खंबाटकी चढताना लागतो तो नेमका खालच्या फेऱ्यांतील टॉर्क. घरगुती वापराच्या गाडीत असा कॅम बसवणे सर्वांत वाईट सौदा आहे.

मोठा कार्बोरेटर हा त्यामानाने सौम्य बदल. फियाटने स्वतःच १९५३ साली अकराशेची ‘तुरिझ्मो वेलोचे’ ही वेगवान आवृत्ती काढली. इटलीत तिला लोक ‘टीव्ही’ म्हणत, दूरदर्शनाशी त्याचा काही संबंध नाही. मूळच्या ३६ च्या जागी त्याच १०८९ घनसेंटिमीटरमधून सुमारे ५० अश्वशक्ती तिने मिळवली, आणि त्यात वेबर कार्बोरेटरचा मोठा वाटा होता. म्हणजे या इंजिनात एवढी जागा आहे. पण ती गाडी नव्या इंजिनाची होती, कारखान्यात जुळवलेली होती. झिजलेल्या इंजिनावर मोठा कार्बोरेटर म्हणजे अशक्त पोटाला मेजवानी. पेट्रोल अधिक जाते, प्लग काळे पडतात, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन टाकते. एक गुण मात्र कबूल करावा लागेल : कार्बोरेटर नाही मानवला तर जुना परत बसवता येतो. घासलेले हेड परत जाड करता येत नाही.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल एवढेच की आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. कानाची फसवणूक हा सर्वांत स्वस्त बदल आहे, आणि शेजाऱ्यांना तो अजिबात परवडत नाही.

मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती होत आणि त्यांत सुधारलेल्या फियाटही धावत. वडीलधारी मंडळी त्यांची उदाहरणे देतात. पण शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य निराळे असते. ते काही मिनिटांच्या धावेसाठी बांधलेले असते, धाव संपली की पुन्हा खोलले जाते, आणि त्याच्यासोबत दिवसभर एक मिस्त्री उभा असतो. घरच्या गाडीच्या इंजिनाकडून अपेक्षा अशी की रात्री अकरा वाजता आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल तर पहिल्या किल्लीला चालू व्हावे.

थांबण्याचा जोर

जोराच्या चर्चेत ब्रेकचा विषय नेहमी शेवटी निघतो. तो आधी निघायला हवा. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत ५६ टक्के अधिक ऊर्जा असते आणि ती सगळी ब्रेकना उष्णता करून संपवावी लागते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना सतत दाबलेला ड्रम ब्रेक तापतो आणि पकड सैल होते, हा अनुभव जुन्या चालकांना आहे. म्हणूनच ते घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरत. शिवाय त्या काळच्या अनेक गाड्यांत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे : एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक गेले. अशा गाडीत दहा अश्वशक्ती वाढवण्यापूर्वी मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि लायनिंग नवे असणे ही अट आहे, सूचना नव्हे.

इंधन बदलले, ही गोष्टही विसरून चालणार नाही. २००० सालच्या प्रारंभी देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. ते आरोग्यासाठी झाले आणि योग्यच झाले. पण बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचा थर गादीसारखा उपयोगी पडत असे. जुन्या अँबॅसडरचे हेड तसे बिडाचे. शिसे गेल्यावर व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, टॅपेटची फट मिटते आणि व्हॉल्व्ह जळतो. सावकाश चालणाऱ्या गाडीत ही झीज नगण्य असते आणि वरच्या फेऱ्यांत, ताणून चालवलेल्या गाडीत ती झपाट्याने होते. म्हणजे जोर वाढवून गाडी पळवायची असेल तर कठीण धातूच्या सीट बसवून घेणे आलेच.

आता भर पडली आहे ती वीस टक्के इथेनॉलची. २०२५ पासून बहुतेक पंपांवर हेच पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून या मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. त्यात प्राणवायू असल्यामुळे कार्बोरेटरचे मिश्रणही काहीसे विरळ होते, गाडी उचलताना अडखळते. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा यांना इथेनॉल सोसत नाही, आणि ते हवेतील पाणी ओढून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. त्याची एक जमेची बाजूही आहे : इथेनॉलमुळे नॉक कमी होतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा, एक माप मोठा मुख्य जेट हा खर्च थोडा आहे. जुन्या गाडीत आज करण्याजोगा पहिला बदल हाच, आणि त्याने एकही अश्वशक्ती वाढत नाही.

आधी हरवलेले परत मिळवावे

‘पिकअप नाही’ ही नातवाची तक्रार खरी असते, पण तिचे कारण बहुधा आराखड्यात नसते. पद्मिनी नवी असताना चार माणसे घेऊन महाबळेश्वर चढत होती. आज ती चढत नसेल तर तिच्यात कारखान्याने दिलेले चाळीसही उरलेले नाहीत, असे समजावे. म्हणून प्रथम चारही सिलिंडरांचे कंप्रेशन गेजवर तपासावे. त्यांत आपापसांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर इंजिनाला सुधारणा नको आहे, दुरुस्ती हवी आहे. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा हलत असेल तर ठिणगीचा क्षण दर फेऱ्याला बदलतो. टायमिंग चार-पाच अंश मागे असेल तर गाडी जड वाटते आणि तापते. ब्रेकचे लायनिंग ड्रमला घासत असेल, चाकांत हवा कमी असेल, एअर फिल्टर धुळीने बंद झाला असेल, तर हीसुद्धा अश्वशक्तीची चोरीच. नव्वद टक्के तक्रार या कामांत मिटते असे जुने मिस्त्री म्हणतात. आकडा त्यांचा अंदाजी आहे, पण दिशा चुकलेली नाही.

त्यानंतर असे काही बदल आहेत की ज्यांत जोर व भरवसा परस्परांचे वैरी राहत नाहीत. पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी डिस्ट्रिब्यूटरमध्येच मावणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवली तर टायमिंग स्थिर राहते, आणि जुने पॉइंट डिकीत ठेवले की वाटेत अडचण आली तरी दहा मिनिटांत पूर्ववत करता येते. डायनामोच्या जागी आल्टरनेटर, पट्ट्यावर सतत फिरणाऱ्या पंख्याच्या जागी गरजेपुरता फिरणारा विजेचा पंखा आणि नव्या गाभ्याचा रेडिएटर एवढे झाले की वाहतुकीच्या कोंडीत काटा वर जात नाही. रेडियल टायरांनी पकड सुधारते. हे सगळे बदल दिसायला नीरस आहेत. त्यांची चित्रफीत कोणी पाहणार नाही.

भरवशाचा आणखी एक पैलू नेहमी दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे दुरुस्त करणारा माणूस जवळ असणे. मूळ सोलेक्स कार्बोरेटर तालुक्याच्या गावातील मिस्त्री डोळे मिटून खोलतो. त्याचे भाग पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर अजून हाती लागतात. परदेशातून मागवलेल्या उत्तम कार्बोरेटरचा एक जेट हरवला तर गाडी कुरिअरची वाट पाहत महिनाभर उभी. जे बिघडल्यावर शंभर किलोमीटरच्या परिघात कोणालाच समजत नाही ते कितीही उत्तम असले तरी प्रवासाच्या गाडीत बसवू नये.

राहिला प्रश्न सबंध इंजिनच बदलण्याचा. या मार्गाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण कारखान्यांनी तोच धरला. १९८४ साली कॉन्टेसा आली ती अँबॅसडरचेच १४८९ चे इंजिन घेऊन. भारदस्त शरीर आणि तोकडा जोर यांमुळे तिची थट्टा झाली. काही वर्षांतच तिला जपानच्या इसुझुचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले आणि तीच गाडी रुबाबात धावू लागली. नव्वदच्या दशकात अँबॅसडरलाही ते इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तींच्या रूपात लाभले. प्रीमियरने १९८५ साली ‘११८ एनई’ काढली तीही निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन घालून. या गाड्यांत जोरही वाढला व भरवसाही, कारण इंजिनाबरोबर गिअरपेटी आली, रेडिएटर आला, माउंटिंग नव्याने बेतले गेले. कोन्टेसाच्या इंजिनाला पाच गिअरांची पेटी मिळाली ती उगीच नव्हे.

खाजगी मालकाला हे करायचे तर आधी कायद्याची वेस ओलांडावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच जातीचे इंजिन बदलले तरी परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथेही हा फरक उघडा पडतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी मिळू शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, तर प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांपुरती रस्त्यावर आणता येते. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील फियाट आता नेमक्या त्या उंबरठ्यावर आल्या आहेत. आज हौसेने कापलेले इंजिन उद्या त्या गाडीचा हा दर्जा हिरावून घेऊ शकते. ज्याला जोर हवाच आहे त्याने निदान मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून, माळ्यावर जपून ठेवावे. भंगारात देऊ नये.

तर आजोबा आणि नातू यांच्या वादात कौल कोणाला? गाडी महिन्यातून दोनदा निघणार असेल व मूळ इंजिन शाबूत असेल, तर आजोबांना. दुरुस्ती, थंडावा, ठिणगी आणि ब्रेक एवढ्यावर थांबावे. इंजिन पूर्वीच कोणी बदललेले असेल, गाडी महामार्गावर नियमित न्यायची असेल आणि परिवहन कार्यालयाची परवानगी मिळत असेल, तर नातवाचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. मात्र इंजिनाइतकाच पैसा ब्रेक आणि रेडिएटरसाठी बाजूला काढल्यावरच. निम्मे काम करून उरलेले ‘पुढे बघू’ म्हणून सोडणे हा एकच पर्याय दोघांनीही मिळून नाकारावा.

काम कोणतेही होवो, नव्या रिंगांच्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर साठाच्या आत चालवावे, पण एकाच वेगाने रेंगाळवू नये, फेरे कमीअधिक होऊ द्यावेत. पाचशे किलोमीटरवर ऑइल बदलावे, थंड इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळून घ्यावेत आणि टॅपेटची फट परत तपासावी. पहिला घाट त्यानंतर चढावा, शक्यतो पहाटे. गाडी नातवाने चालवावी आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवण्यासाठी शेजारच्या आसनावर आजोबांना बसवावे.